प्राप्त झाला

पाळकसाहेब म्हणाले, डबा तूच बसव,
दुकान तुझं, हात तुझे,
बिघडला तर बोलणीही तुलाच.
म्हणून जालन्याच्या आमच्या देवळात
आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी
दानाच्या दुरडीशेजारी, स्टुलावर,
भेळेच्या गाड्यावर असतो तसला
बोलका डबा मी ठेवला.
पांढरा, वीतभर, पोटात सिमकार्ड.

त्याच दिवशी शांत प्रार्थनेत,
सगळ्यांच्या माना खाली,
कडब्याच्या गोठ्यात मेंढरं नुकतीच मांडलेली,
बाहेर एमआयडीसीचा धूर थंडीनं जमिनीवर बसलेला,
आणि डबा बोलला, खणखणीत, बाईच्या आवाजात:
एक रुपया प्राप्त झाला.

पोरं फिसकन हसली.
निर्मळ सरांनी एक डोळा उघडून
कोण ते पाहायचा प्रयत्न केला, परत मिटला.
मग पुन्हा. एक रुपया प्राप्त झाला.
पुन्हा.
आमेनच्या आत चार वेळा.

मला वाटलं, सर्किट.
दुकानात नेला, उघडला, फुंकला,
ब्रशनं पुसला. काही नव्हतं.
हिशेबात नाव निघालं: वत्सला दुशिंग.

वत्सलामावशी. मिशनच्या दवाखान्यात
तीस वर्षं बाळंतपणं केलेली,
माझंही तिनंच, नाळ मानेभोवती होती म्हणे.
मुलगा अनुग्रह पुण्याला.
यंदा सुट्टी नाही, म्हणून फोन पाठवलाय,
खोक्याला लाल फीत, पाठीवर तीन कॅमेरे.
मावशीनं अजून एकानंही फोटो काढला नाही.
खोकं चांगलं आहे म्हणते,
त्यात करंज्या ठेवल्यात.

मी घरी गेलो. म्हटलं, मावशी,
द्यायचेच तर चार एकदम द्या ना,
माणसं प्रार्थनेत असतात.
तिनं शंकरपाळ्यांची ताटली पुढं सरकवली.
"पैशाचं नाही रे लेकरा.
पन्नास वर्सं मागू राह्यले मी.
कधी कोणी म्हणलं का, भेटलं म्हणून?
हे डबडं तरी म्हणतं."

मला उत्तर सुचलं नाही.
पाळकसाहेबांना सुचलं असतं, त्यांचं शिक्षण तसं आहे.
मी तिच्या फोनच्या आवाजाचं बटण
बिघडलंय का, असं बघत बसलो.
ते नीट होतं.

डिसेंबरात माझ्याकडे गर्दी.
काचा, कव्हरं, हप्त्यावरचे फोन,
रंग बदलणारी चांदणी, रिमोटसकट.
दुकानावर एक लावलीय मीही.
समोरच्या अय्याजच्या टीव्हीच्या रिमोटनंही ती बदलते.
तो हिरवी करतो, मी लाल,
रात्री शटर ओढेपर्यंत आमचं हे चालतं.
गिऱ्हाईक विचारतं, गॅरंटी किती?
सांगतो, सहा महिने.
मी स्वतः काय मागतो, ते विचारू नका.
दोन वर्षं एकच गोष्ट मागतोय,
ती घरात बोलायची नाही असं आमचं ठरलंय.

आवाज कमी करायची सोय त्या डब्याला आहे.
खाली, रबराच्या झाकणाआड, बारीक बटण.
मंडळीतले तिघे विचारून गेले.
नाही म्हटलं, कंपनीनं दिलेलंच नाही.
नाताळच्या आधी खोटं बोललो,
त्याचं काय होईल ते होवो.

चोवीसची मध्यरात्रीची उपासना झाली.
शाली, मफलर, मोसंबीच्या साली, फटफट्यांचे आवाज,
सगळं पांगल्यावर
डबा चार्जिंगला घरी आणला,
ओट्यावर ठेवला, दिवा मालवला.

दोन वाजले असतील. की सव्वादोन.
अंधारात, पीठाच्या डब्याशेजारून,
शेजारच्या गल्लीलाही ऐकू जाईल असं:
एक रुपया प्राप्त झाला.

तिला इथलं काही ऐकू येणार नव्हतं,
आणि तिला ते माहीत होतं.

करुणानं कूस बदलली. कोण आहे?
दुशिंगमावशी.
जाग्या आहेत म्हणजे.
हो.
मग ती उठून बसली, पांघरुणासकट,
आणि आम्ही दोघं
ओट्याकडे बघत राहिलो,
पुढचा कधी येतो म्हणून.