नखाएवढी डबी

टेबलावर चार डब्या, नखाएवढ्या,
चार कुरिअरांतून आलेल्या, फोमच्या गादीवर निजून.
रेखाचित्र एकच, मीच पाठवलेलं,
तरी चौघी चार आयांच्या लेकी.

आत बसायचा आहे एक स्फटिक,
सेकंदाला लाखो वेळा थरथरणारा.
त्याला ओल चालत नाही, धूळ चालत नाही,
माणसाचा श्वास तर नाहीच नाही.
गेले सात महिने मी त्याच्यासाठी घर शोधते आहे.

पहिली पेनांगची. निकेलची अशी झळाळी
की वाकून बघितलं तर माझ्याच नाकपुड्या दिसतात.
किंमत अकरा सेंट. कोटेशनच्या शेवटी हसरा चेहरा.
दुसरी ब्रनोजवळची. मापाला चोख, शब्दाला नाही;
सहा आठवड्यांचे अकरा झाले,
अकराव्यात कळलं, डाय अजून दुसऱ्याच कुणाकडे आहे.
तिसरीबद्दल मी बोलत नाही.
तिच्याबद्दल हेलियमची चाचणी बोलली.

चौथीसाठी गाडी काढली.
फोल्मेची दरी, ओले स्प्रूस, लाकडाच्या वखारी,
आणि वळणावर जुन्या विटांची लांबट शेड.
इथं एकेकाळी फौजांच्या कोटांची बटणं ठोकत.
राजे गेले, कोट गेले,
ठोकणं तेवढं राहिलं.

ओटमार क्ल्यूवरनं हात पुढे केला.
त्या हाताला करंगळी नव्हती, आणि मी तिकडे बघितलं नाही
हे त्यानं बघितलं.
मी फॉर्म काढला: प्रमाणपत्रं? दिवसाची क्षमता?
त्यानं माझं रेखाचित्र खिडकीच्या उजेडाला धरलं.
"हा कोपरा कुणी काढला?"
आमच्या डिझायनरनं.
"त्यानं कधी पत्रा ओढलाय?"

मग उभ्याउभ्याच, कॉफी निववत, सांगत राहिला:
पत्र्याला एकदम वळ म्हटलं तर तो वळतो,
वळतो, तुमच्यासमोर नीट उभाही राहतो,
आणि फाटतो तिसऱ्या हिवाळ्यात, कुणी बघत नसताना.
त्याला पाच पायऱ्यांनी खोल न्यायचं,
मध्ये एकदा भट्टीत विसावा द्यायचा.
कोपरा पॉइंट तीनचा पॉइंट पंचेचाळीस करा.
पेन्सिलीनं त्यानं तो माझ्याच कागदावर केला.
फुकट.

तपासणीच्या खोलीत द्रागित्सा
आधी कडेवरून नख फिरवते, मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते.
बर असेल तर कुठे आहे ते नखाला आधी कळतं,
ती म्हणते, आणि पुढची डबी उचलते.

फॉर्मचा चौदावा रकाना: तुमच्यानंतर कोण?
ओटमार अंगणाकडे बघत राहिला.
मुलगा हांबुर्कला विमा विकतो.
मी रकाना कोरा ठेवला, मग कोरा चालत नाही म्हणून
एक आडवी रेघ मारली.

ऑफिसात तक्ता. किंमतीला चाळीस टक्के,
मुदतीला वीस, जोखमीला पंधरा, उरलेलं उरल्यासुरल्याला.
चौथी हरत होती.
रात्री साडेनऊला मी चाळीसचे पस्तीस केले.
ती जिंकली.
पाणी पिऊन आले, पस्तीसचे पुन्हा चाळीस केले.

सत्तर टक्के पेनांग, तीस क्ल्यूवर.
सोबत दोघांनाही रेखाचित्राची सुधारित प्रत,
कोपरा: पॉइंट पंचेचाळीस.
"बदलाचं कारण" या रकान्यात वीसच अक्षरं मावतात.
मी लिहिलं, उत्पादनाची सोय.
आता पेनांगची डबीही फाटणार नाही.

पंधरा दिवसांनी दरीतून खोका आला.
बिलाच्या मागे, त्याच पेन्सिलीनं:
"कोपरा छान झाला. त्या दुसऱ्यांना सांगा,
भट्टी विसरू नका म्हणावं."

मी सांगितलं.
त्यांनी हसरा चेहरा पाठवला.

आता माल आला की दार लावते,
एक डबी उचलते, कडेवरून नख फिरवते.
काही लागत नाही.
पुन्हा फिरवते.