हातांपुरती

माझा चेहरा तुम्ही कधी पाहिलेला नाही.
दर मंगळवारी रात्री नऊला मात्र
तुमच्या बैठकीच्या खोलीत मी येऊन जाते,
मनगटापासून पुढे.

या बायांचे फोटो उरलेले नाहीत, म्हणून हे.
चेहरा दाखवला तर खोटं होईल, एम्रिस म्हणाला,
हात चालतात.
मग त्याने माझी नखं पाहिली, सुजलेली पेरं पाहिली
आणि खूश झाला: 'यांच्यात जुना काळ आहे.'
जुना काळ कसला,
बँगोरच्या लाँड्रीतला सोडा आहे तो,
सोमवार ते शुक्रवार, आठ ते चार.
लोकांचं हातावर पोट असतं,
माझं तर कॅमेऱ्यासमोरसुद्धा.

घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला असतो मनगटावर,
तो मेकअपवाली चहाच्या पाण्याने बुजवते.
तेवढं झालं की मी इतिहासात जायला मोकळी.

धूमकेतूची वाट बघत जागणाऱ्या
पाद्र्याच्या बहिणीचे हात मी झाले,
पितळेची गार दुर्बीण, बोटांवर सारखी फुंकर.
बंदी आलेल्या छापखान्याचे खिळे
कणकेत दडवणारी, तीही मीच.
चौथ्यांदा मळताना एक खिळा खरंच हरवला,
अजून सापडलेला नाही, बहुधा कुणीतरी खाल्ला.
वादळात सुकाणू धरलं तेव्हा
नाव गॅरेजात होती
आणि समुद्र म्हणजे बादली घेतलेला ग्विलिम.

निवेदिकेचा आवाज नंतर चढवतात,
सत्काराच्या शालीसारखा:
'काळाच्या पुढे असलेली', 'विस्मृतीत गेलेली'.
विस्मृतीत आपल्या पायांनी कोण जातं हो.

मार्गेड पूचा भाग नोव्हेंबरात घेतला.
पाटीच्या खाणीखालच्या गावातली सुईण.
तीनशे बारा बाळंतपणं आणि एक वही,
मूल कुणाचं, येणं किती, दिलं काय:
अर्धी मेंढी. कोळसा. काही नाही.
काही नाही. मध. काही नाही.
खरी वही काचेआड असते, मला दिली ती कोरी.
'काहीही लिही,' एम्रिस म्हणाला,
'फोकस दिव्यावर आहे.'

काहीही म्हणजे काय लिहावं माणसाने?
टाक बुडवला.
बाहेर मेंढ्या ओरडत होत्या,
ध्वनीवाला त्यांच्या सात पिढ्या उद्धरत होता,
आणि हाताने, मला न विचारता, लिहिलं:
एलुनेद रॉबर्ट्स.
लँडिडनोचं हॉटेल, तळघर.
चाळीस वर्षं, दिवसाला दोनशे चादरी.
येणं
आणि तिथे शाईचा थेंब पडला.
'मस्त,' तो म्हणाला, 'हे ठेवू या.'

टीव्हीवर ते दोन सेकंद आलं, धूसर.
मी आईजवळ बसून पाहत होते,
वृद्धाश्रमाच्या त्या खोलीत, जिथे सगळ्यांच्या खुर्च्या
भिंतीला पाठ लावून असतात.
तिला आता माझं नाव धरवत नाही.
कधी मी तिची बहीण, कधी मॅनेजरीणबाई,
चादरी मोजायला आलेली.

वही आली. वही गेली.
अक्षरं तिला दिसली नसावीत.
ती पुढे वाकली, चष्मा वर सरकवला,
'या बाईला कुणीतरी हातमोजे द्या ग,' म्हणाली,
'भेगांत सोडा जातो,
मग रात्री झोप येत नाही.'
आणि पडद्याकडे बघत
माझीच बोटं हातात घेऊन चोळू लागली,
एकेक करून, अंगठ्यापासून,
जशी काही ती त्या बाईची होती
आणि त्या बाईला आज रात्री तरी झोप लागायला हवी होती.

नावांची पट्टी सरकली. दिवे, ध्वनी,
मेंढ्यांच्या मालकाचे आभार.
नर्स आली, विचारलं पाहताय का कुणी,
आणि स्नूकर लावलं.
आई करंगळीपर्यंत पोचली होती.