देझोचं शिसं

तिसा सरोवराला तळ आहे, पण एकच नाही.
इथे कमरेएवढं पाणी, चार वल्ही पुढे दोन पुरुष खोल.
जुन्या नदीची वाट अजून खालून वळणं घेत जाते,
आणि पाणी अडवलं तेव्हा बुडालेले विलो
बुंध्यांनिशी उभेच आहेत,
कोणी बसा म्हणालंच नाही त्यांना.

मी तिथे अकरा रात्री काढल्या.
मका भिजवला, शिजवला, आंबवला.
त्याचा वास टोपीला लागला, पावाला लागला,
शेवटी झोपेलाही.
रोज संध्याकाळी होडीतून दीडशे मीटर आत जाऊन
मूठमूठ पेरून यायचो
आणि देव पाण्यात घालून बसायचो.
त्यांनाही तळाशी बुंधेच लागले असतील.

भाचा झोंबोर आला, तळ दाखवणारं यंत्र घेऊन.
"मामा, बघ, हे सगळे ठिपके म्हणजे कार्प."
अरे, ते आहेत हे मला माहीत आहे.
नाहीत असं कोण म्हणालं?

सातव्या दिवशी पलीकडे नदी फुलली.
फुलली म्हणतात, पण ते किडे असतात,
लांब शेपटांचे, पिवळे.
तीन वर्षं चिखलात, मग एक दुपार हवेत,
जोडीदार, आणि मावळतीच्या आत पुन्हा पाण्यावर.
वारा त्यांना आमच्या बाजूला घेऊन आला.
रात्रभर अंधारात कार्पांची तोंडं वाजत होती,
मच् मच्,
आणि माझा मका तळाशी,
पंगत उठल्यावर उरलेल्या भातासारखा.

बाराव्या रात्री, अडीच वाजता, घंटी.
एकदाच.
मग रीळ किंचाळायला लागलं.
काठी उचलली तेव्हा कळलं,
पलीकडे जे आहे त्याला घाई नाही.
ओट्यावरच्या गप्पांना कंटाळलेला म्हातारा
उठून आत जावा, तसं ते गेलं
तिसऱ्या बुंध्यात.
आणि दार लावून घेतलं.

होडी नेली. बरोबर वर थांबलो.
तंगूस दोन बोटांत धरला.
खाली धडधडत होतं,
त्याचं की माझं, सांगता येईना.
शिंपले तंगूस खरवडत होते,
पेन्सिलीला टोक काढल्यासारखं बोटांना कळत होतं.
ओढलं असतं तर तुटला असता,
सोडला असता तर गुंतला असता.
सिगारेट पेटवली. अर्धी पाण्यात टाकली.
मग एकदम
काहीच नाही.

गुंडाळायला लागलो तर जड येत होतं.
एक फांदी, शेवाळ,
कोणाचा तरी काळा पडलेला जुना तंगूस
आणि त्याच्या टोकाला शिसं.
चमच्यात ओतलेलं, चमच्याच्याच आकाराचं,
पाठीवर खिळ्याने कोरलेलं आद्याक्षर.

देझो.
एकोणीस वर्षांपूर्वी खानावळीत हात पसरून सांगत होता,
तिसऱ्या बुंध्यापाशी, एवढा!
आम्ही त्याचे हात धरून जवळ आणत गेलो.
एवढा, देझो? की एवढा?
शेवटी टाळी वाजली.
सगळ्यात मोठ्याने हसला तो मी.
पुढे तो माशांबद्दल बोललाच नाही.
हवेबद्दल बोलायचा. गुडघ्याबद्दल.
गुडघ्याने नाही, काळजाने गेला.

सकाळी एतेल्काकडे गेलो.
ती आंबट चेरीच्या बिया काढत होती,
कोपरापर्यंत लाल.
शिसं तळहातावर घेतलं, वजन बघितलं.
"सूपाचा चमचा होता माझा," म्हणाली,
"चांगला. आईने दिलेला."
खण उघडला. खालून, सुतळीच्या गुंड्यांखालून,
करपलेला चमचा काढला
आणि शिसं त्यात ठेवलं.
बसलं.

बराच वेळ दोघांपैकी कोणी बोललं नाही.
माशी आली, चेरीवर बसली, तिलाही हाकललं नाही.
मग तिने विचारलं,
"केवढा होता?"

मी पाहिला नव्हता.
तरी हात पसरले,
जेवढे पसरतात तेवढे.
एतेल्काने ते जवळ आणले नाहीत.