एक गाठ

उद्यमनगरातली दुसरी पाळी सुटली तेव्हा
गेटच्या दिव्याखाली पंखच पंख सांडलेले
आणि त्यातून चालत निघालेली ही,
पंख उतरवून ठेवून,
घाईत असलेल्या बाईसारखी.
माझा डबा रिकामा होता. एवढंच कारण.

घरी काचेची नळी, तळाला पाणी, मध्ये कापूस.
ती ओल्या कापसाला तोंड लावून थांबली.
वहीत लिहिलं : १९ ऑगस्ट, रात्री पावणेबारा. काळी.
काळी म्हणजे काही माप नव्हे.

मी दिवसभर कास्टिंगं तपासते,
व्हर्नियर माझ्या हाताला सहाव्या बोटासारखा.
पण ही वळते, अंग चोरते :
पंधरा पूर्णांक आठ. सोळा पूर्णांक चार. सोळा पूर्णांक एक.
असला जॉब मी लाल खडूची फुली मारून
बाजूला ठेवला असता.

गुजरीत गेले, जिनगोंडा पोतदारांकडे भिंग मागायला.
"कशाला ओ? मुंगळ्याला नथ घडवताय व्हय?"
मग स्वतःच डोळ्याला भिंग लावून बसले,
गिऱ्हाईक उभं ठेवून.
म्हटलं, आधी कंबर बघा.
छाती आणि पोट यांच्या मध्ये गाठी किती?
त्यांनी श्वास धरला, सोन्याची कणी उडू नये म्हणून
धरतात तसा.
"एकच हाय. उभी. पाकळीगत."

एक.
म्हणजे दोन गाठींची सगळी घराणी गेली.
पोटाच्या टोकाला केसांची झालर, गोल भोक :
नांगी नाही, आम्ल आहे.
मिशीचे सांधे मी मोजले, बारा.
रफिक मुजावरनं मोजले, अकरा.
पुन्हा मोज की लेका.
बारा.
खांद्यांपाशी वण, पंख मोडले तिथले.
आणि कपाळावर तीन ठिपके, तीन जादाचे डोळे,
आयुष्यात एकदाच उडायचं म्हणून दिलेले.
आता नळीत त्यांनी काय बघायचं?

पुढचा रकाना : जात.
पेन तिथंच अडलं.
राजारामपुरीत खोली बघायला गेले होते तेव्हा
मालकीणबाईंनी चहा दिला, वर खारी दिली,
मग गोड आवाजात, "आडनाव काय म्हणालात?"
मी सांगितलं.
त्यांनी मनातल्या मनात सांधे मोजले.
खोली, कळलं, कालच गेली होती.

रकाना पेन्सिलीनं भरला : डोंगळा, बहुतेक.
दिसायला सारख्या दोघी आहेत,
एकीची पायांची मुळं तांबूस असतात म्हणे,
आणि माझ्या बल्बखाली सगळंच तांबूस.
राणीवरून नक्की ठरत नाही.
लेकी येऊ द्याव्या लागतात.

मग सुपारीच्या डब्यातला अंधार.
ती काही खात नाही.
पंख हलवणारं छातीतलं मांस आता बिनकामाचं,
तेच आतल्या आत विरघळवून भरवते.
अंडी. अळ्या. मग कोश, आंबेमोहराच्या कण्यांएवढे,
ती ते सारखे इकडून तिकडे नेते,
जागा पसंत पडत नसल्यागत.

सप्टेंबर सरता सरता पहिली लेक बाहेर आली,
फिकट, पाय कुठं ठेवावा न कळणारी,
आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.
भिंग लावलं. माप कुठल्याच तक्त्यात बसेना.
पहिल्या खेपेच्या असतातच तशा, खुरटलेल्या,
आईच्या अंगावर निभावलेल्या.
त्यांच्यावरून ठरवायचं नसतं.
पेन्सिलीतला 'बहुतेक' मी खोडला नाही,
'डोंगळा' खोडला.

पोतदारांचा फोन : "दसरा आला, भिंग आणा की आता."
मग आवाज खाली करून,
"कळली का कोण ती?"
म्हटलं, नाही अजून.
एक गाठ, तेवढी पक्की.