मऊ खिळा

ठण्ण नाही झालं. धप्प झालं,
झोपेत कूस बदलताना कुणाचं कोपर भिंतीला लागावं तसं.
मग इंजिन मोकळं किंचाळलं
आणि होडी थांबली.
थांबली कसली, कुस्कोक्विमवर काही थांबत नाही.
आम्ही उलटे, समुद्राकडे निघालो,
मी, वसिली आणि सत्तेचाळीस सॅमन.

"ओंडका," वसिली म्हणाला.
चौदा वर्षांचा आहे, त्याला उत्तरं लगेच सापडतात.
मी नांगर टाकला. धरेना. पुन्हा टाकला.
तिसऱ्यांदा गाळाने गिळला,
तेव्हा कुठे समोरचा काठ जागेवर उभा राहिला.

इंजिन वर उचललं.
एका पात्याचा कान दुमडलेला,
आणि पंखा हाताने फिरवला तर गरगर फिरतोय,
आतल्या दांड्याला पत्ताच नाही.
पिन तुटली होती. करंगळीच्या पेराएवढी पिन.

जादा पिना तंबाखूच्या डब्यात असायच्या.
एव्हॉन ठेवायचा. तीन हिवाळे झाले त्याला जाऊन.
डबा फळीखाली, त्याच्याच गाठीने बांधलेला;
ती सोडायला मला दात लावावे लागले.
आत शर्टाचं बटण, गंजका गळ,
दुकानाची पुसट पावती,
आणि एका जुन्या पिनेचे दोन तुकडे.
तुटलेली जपून ठेवली, नवी आणायची राहून गेली.
मी त्याला मोठ्याने शिवी दिली.
वसिलीने तोंड फिरवून मासे मोजले,
मोजलेलेच होते.

"ड्रिलचं टोक घालू? पोलादी आहे, जन्मात तुटायचं नाही."
"म्हणूनच नको.
हिने तुटायचं असतं.
ही नाही तुटली तर आतला गिअर तुटेल,
आणि गिअर विमानाने येतो,
सप्टेंबरात, पैसे असले तर."

माशांच्या पेटीचा एक खिळा उपटला,
बोटाच्या जोराने किंचित वाकेल असा.
पक्कडीने डोकं उडवलं. तरी भोकात जाईना.
घासायला इथे दगड कुठला, मैलोगणती गाळ.
शेवटी सुरीला धार लावायचा चौकोन काढला,
आईचा, मधोमध झिजून खोलगट झालेला,
त्यावर थुंकी लावून घासत बसले.
डासांनी मानेवर पंगत मांडली.
वसिली पातं ठोकत होता, माझ्याहून बरं ठोकतो,
पण हे मी त्याला सांगितलं नाही.

तेलाचा स्क्रू ढिला करून एक थेंब बोटावर घेतला.
दुधाळ असता तर आत पाणी शिरलेलं.
काळा होता.
त्याच बोटाने छातीवर क्रूस काढला,
अनोरकवर डाग अजून आहे.

तिसऱ्या ओढीला सुरू झालं.
हळूहळू वर निघालो, जिथे लागलं होतं तिकडे,
आणि चर्चचा निळा घुमट टॉवरच्या मागे जाऊन लपला.
ही रेघ मला पाठ आहे.
मी इंजिन बंद करून वल्हं खाली घातलं.
पाणी. पाणी. टक्.

इथे आमचा काठ होता.
नदीने आधी मासे वाळवायचा मांडव नेला,
मग वाफेची न्हाणी, मग रस्ता.
घर आम्ही हिवाळ्यात ओढून मागे घेतलं.
होडी बांधायचा खांब तेवढा मागे राहिला,
एव्हॉनने रोवलेला, दोन पुरुष खोल.
मला वाटलं, पहिल्याच बर्फफुटीत गेला असेल.
एवढा कशाला खोल, म्हणून मी त्याच्याशी भांडलेही होते.

"ओंडकाच ना?" वसिली.
मी वल्हं तसंच टेकवून धरलं होतं,
प्रवाह होडीला ओढत होता, आणि ती जात नव्हती.
"ओंडकाच," मी म्हणाले. "उभा आहे."

रिकामा ब्लीचचा कॅन दोरीला बांधून तिथे सोडला,
इतरांच्याही होड्या आहेत.
मग अर्ध्या वेगाने घरी. खिळा तो खिळाच.

"उद्या दुकानात गेलास की पिना आण. सहा."
"तीन पुरतील."
"सहा."