मागचे चोवीस तास

प्रश्न साधा असतो. काल पहाटेपासून आज पहाटेपर्यंत
तोंडात काय काय गेलं?
पाच फेऱ्यांत विचारायचा, प्रोफेसर क्लूत्से शिकवतात:
आधी यादी, मग विसरलेलं, मग वेळ, मग माप,
आणि शेवटी, उठता उठता, सहज म्हणून, पुन्हा एकदा.
चेहरा कोरा ठेवायचा.
"अरे वा" म्हणायचं नाही. "एवढंच?" तर मुळीच नाही.

लेगोनच्या वसतिगृहात आम्ही तो एकमेकींवर घोकला.
माझं उत्तर चार दिवस तेच:
गारी, थंड पाणी, साखर, मूठभर शेंगदाणे.
सेलासी हसून लोळली. मानवी पोषणाची एम.एस्सी.,
आणि अ जीवनसत्त्व शून्य!

मग जुलैत उत्तरेला, माझ्याच मुलखात,
माझीच दागबानी बोलत, पण हातात वजनकाटा.
मका गुडघ्याएवढा. कणग्यांची झाकणं
कुणी नीट बसवतही नव्हतं.

मेमुनातूने आधी पाणी दिलं, भोपळ्याच्या कटोरीतून,
मग बसायला स्टूल, मग माझ्या वडिलांचं कुशल विचारलं,
त्यांच्या गुरांचंही.
मग मी विचारलं.

सकाळी भात, ती म्हणाली. शेंगदाण्याचं दाट कालवण.
दुपारी तुओ झाफी, आयोयोचा पाला, त्यात वाळका मासा.
रात्री गिनी कोंबडी.
"अख्खी?"
"पाहुणे होते."

मुलगा तिच्या मांडीला रेलून
तिच्या तोंडाकडे बघत होता,
गोष्टीतला ससा आता काय करणार, तसा.
कोंबडी आली तेव्हा त्याने आवंढा गिळला.

माप. कालवण आम्ही पाण्याने मोजतो:
रोजच्या डावाने, रोजच्या वाडग्यात,
काल घेतलं तेवढं पाणी वाढून दाखवायचं,
मी ते मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा.
तिने वाढलं. एक डाव. दुसरा.
माझ्याकडे पाहिलं. तिसरा.
हात सढळ. थेंब ओघळू नये म्हणून
डावाचा तळ वाडग्याच्या काठाला पुसला,
कालवणाचा पुसतात तसा.
सहाशे चाळीस मिलिलिटर.
मोजून झालेलं पाणी मुलगा गटागटा प्यायला.

पलीकडे तीन दगडांची चूल. गार राखेवर
गिनी कोंबडीची पावलं,
चूल ओलांडून गेलेली,
आणि परत आलेली.

मी चेहरा कोरा ठेवला. तेवढं मला येतं.

संगणकाने तिची ओळ लाल केली.
तीन हजार नऊशे बारा किलोकॅलरी.
"वगळ," प्रोफेसर म्हणाले, रागाने नव्हे,
चष्मा पुसत, जसं कुणी तांदळातला खडा दाखवतं.
वगळली. दोनशे अकराच्या दोनशे दहा झाल्या,
सरासरी जराशी उतरली, आलेख शहाण्यासारखा बसला.
हातचा एक राहिला. तो कुठे मिळवायचा
हे पद्धतीच्या प्रकरणात कुठेच नव्हतं.

तोंडी परीक्षेत कुमासीहून आलेल्या बाईंनी
नेमकं तिथेच बोट ठेवलं. ही एक नोंद का गेली?
आकडा असंभाव्य होता, मी म्हणाले.
त्यांनी मान डोलावली, पान उलटलं.
ओठांपर्यंत आलं होतं ते आत लोटलं:
बाई, पाहुणी मी होते.
काल चूल पेटली नाही, हे दारात आलेल्याला
कोण सांगतं?
होतं नव्हतं ते सगळं तिने मला वाढलं,
आणि मी ते ताटावरून पुसून टाकलं.

रात्री आईचा फोन. झाली का पास? झाले.
जेवलीस?
टेबलावर गारीचा पेला, चमचा उभा राहील इतका फुगलेला.
हो, म्हटलं.
काय जेवलीस?
भात. वाळका मासा.
ती थोडा वेळ गप्प. मग फोन ठेवता ठेवता,
सहज म्हणून, पुन्हा एकदा:
आणखी काय?

कोंबडी, मी म्हणाले. गिनी कोंबडी, अख्खी.