नालेला डोळे

सोपं काढा, म्हणाला ब्लेझ कुटिन्हो,
एकदम कार्टून. नाल, दोन डोळे, हसरं तोंड.
शुक्रवारपासून माझगावला त्याची चायनीजची गाडी लागणार,
तिच्या कपाळावर चिकटवायला.
उद्यापर्यंत होईल ना, मॅडम?

सोपंच आहे.
एक उलटी कमान, तिच्या पोटात दुसरी.
टोकं वर. खाली केली की नशीब सांडतं म्हणतात,
आणि तोंड रडकं दिसतं, तेही आहेच.
डोळे मधल्या पोकळीत, जरा तिरळे.

पेन्सिल अडली ती भोकांपाशी.
कार्टूनला पाच टिपके पुरतात.
पाच काढले. पुसले. सात काढले:
बाहेरच्या अंगाला चार, आतल्या अंगाला तीन,
कारण आतून खूर पातळ असतो,
आणि खिळा जिवंत मांसात गेला
की घोडा तुमचं नाव लक्षात ठेवतो.
हे बाबांचं.

बाबा महालक्ष्मीच्या तबेल्यात नालबंद.
घरी यायचे ते जळक्या केसांचा वास घेऊन,
आई बादली दाराबाहेरच भरून ठेवायची.
शनिवार आला की चाळीतलं कुणीतरी हळूच,
तातोबा, एखादी जुनी नाल?
बाबा द्यायचे शर्यतीच्या घोड्याची,
अ‍ॅल्युमिनियमची, पापडासारखी हलकी.
दुसऱ्या दिवशी परत.
लोखंडाची हवी होती हो, काळ्या घोड्याची.

आमच्या दाराला नाल नव्हतीच.
दिवसभर तेच ठोकतो, म्हणायचे, घरी कशाला आणू.
एकदा मोगरी नावाच्या घोडीनं लाथ झाडली,
पुढचा एक दात गेला.
तेव्हापासून हसताना हात तोंडावर.
माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा.

आज ब्लेझ आला.
कागद लांब धरला, मग जवळ.
डोळे आवडले. टिपक्यांवर बोट ठेवून म्हणाला,
दात भारी काढलेत!
पण इकडे चार नि तिकडे तीन?
एक पडलाय की काय?

हो, म्हटलं.
घोडीनं लाथ मारली.

खो खो हसला तो, अगदी खुर्ची धरून.
मग राहू दे तसाच, म्हणाला,
आणि सुट्टे नव्हते म्हणून
वीस रुपये उधार ठेवून गेला.